बाळ घरी आलं: पहिल्या सहा आठवड्यांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्यातून सुट्टी होते तेव्हा हातात बाळ असतं, औषधांची चिठ्ठी असते आणि घरीदारी सल्ले देणाऱ्यांची कमी नसते. सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून आई-बाबांची झोप उडते. पहिल्या दिवसांत बाळाची तब्येत त्याच्या रडण्यावरून ठरवू नका. शू किती वेळा झाली, वजन किती वाढलं आणि जागं असताना बाळ जोमाने ओढतंय का, या तीन गोष्टींवरून ती जास्त खात्रीने कळते. खालची बरीच उत्तरं फिरून याच तिन्हींपाशी येतात.

दूध पुरतंय की नाही, हे कसं ओळखायचं?

स्तन भरल्यासारखे वाटतात की मऊ, यावरून ओळखू नका. दोन-तीन आठवड्यांनी स्तन मऊच वाटू लागतात आणि दूध तेवढंच येत असतं. पाजून झाल्यावर बाळ पुन्हा रडलं म्हणजे दूध कमी, हाही पक्का पुरावा नाही.

शू मोजा. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा असा चढता हिशेब असतो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा, फिकट रंगाची शू व्हायला हवी. डायपर वापरत असाल तर शू झाली की नाही हे पटकन कळत नाही. पहिला आठवडाभर दिवसा साधे सुती लंगोट वापरले तर हिशेब सोपा जातो. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी-गुलाबी डाग दिसू शकतो. तो रक्ताचा नसून युरिक आम्लाच्या स्फटिकांचा असतो. पाचव्या दिवसानंतरही तो दिसत राहिला तर दूध कमी जात असण्याची शक्यता आहे, बाळाला दाखवून आणा.

वजन पहिल्या काही दिवसांत ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं. म्हणजे ३ किलोचं बाळ २ किलो ७५० ग्रॅमवर आलं तर घाबरायचं कारण नाही. दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं आणि पुढे रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. वजन नेहमी त्याच काट्यावर आणि कपडे काढून करा. दोन वेगळ्या काट्यांमधला फरक शंभर ग्रॅमचाही असू शकतो आणि त्यावरून विनाकारण वरचं दूध सुरू होतं.

पहिले दोन-तीन दिवस दूध उतरतच नाही. तोवर साखरपाणी किंवा गाईचं दूध द्यायचं का?

नाही. या दिवसांत जे घट्ट पिवळसर दूध येतं तो चीक. तो थेंबाथेंबानेच येतो आणि तेवढाच लागतो, कारण पहिल्या दिवशी बाळ एका वेळी जेमतेम चमचाभर, ५ ते ७ मिली पितं. चिकात संसर्गाशी लढणारे घटक भरपूर असतात आणि तो सारक असल्यामुळे पोटातली काळी शी लवकर बाहेर पडते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येतं. सिझेरियन झालं असेल तर एखादा दिवस उशीर होतो.

साखरपाण्याने पोट भरतं, बाळ झोपून जातं आणि ओढतच नाही. ओढलं नाही की दूध उतरायला आणखी उशीर होतो. अनेक घरांत दूध कमी पडण्याची सुरुवात इथेच होते. गाई-म्हशीचं दूध पहिलं वर्षभर नको, आणि सहा महिन्यांपर्यंत वरून पाणीही नको, मग उन्हाळा विदर्भातला का असेना. आईचं दूध बहुतांश पाणीच असतं. उकाडा वाढला की बाळाला जास्त वेळा घ्या.

पाजताना खूप दुखतं, चिरा पडल्यात. काय चुकतंय?

बहुतेक वेळा बाळाने नुसतं बोंड धरलेलं असतं. बोंडाभोवतीचा काळा भाग, विशेषतः खालचा, तोंडात गेलेला नसतो. बाळाला कुशीत घेताना त्याचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं असू द्या. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवी. मान वळवून पिणाऱ्या बाळाला नीट गिळता येत नाही. बोंड त्याच्या वरच्या ओठावरून फिरवा, तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडेपर्यंत थांबा आणि मग बाळाला स्तनाकडे आणा. स्तन बाळाकडे नेत वाकलात तर पाठ धरते आणि पकडही सुटते.

पकड जमली की हनुवटी स्तनाला टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो आणि गाल फुगलेले राहतात. गिळण्याचा हलका आवाज येतो. गालाला खळी पडत असेल किंवा चटचट आवाज येत असेल तर पकड सुटलीय. तेव्हा नुसतं ओढून काढू नका. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून हवा सोडा आणि पुन्हा लावा. चिरांवर पाजून झाल्यावर दोन थेंब आपलंच दूध लावून वाळू द्या, साबण नको. सिझेरियनच्या टाक्यांवर भार येत असेल तर कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळाचे पाय काखेखालून मागे जातील असं धरा.

स्तनाचा एक भाग लाल, गरम, दगडासारखा झाला आणि थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. पण त्या बाजूचं पाजणं थांबवू नका. थांबवलं तर दूध साचून गळू होण्याची भीती वाढते.

किती वेळाने पाजायचं? बाळ तर झोपूनच राहतं.

चोवीस तासांत ८ ते १२ वेळा. मूठ चोखणं, मान वळवून शोधणं, ओठ चाटणं या खुणा दिसल्या की घ्या. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे आणि रडून लाल झालेलं बाळ नीट पकडत नाही. जन्माचं वजन परत येईपर्यंत बाळ तीन तासांहून जास्त झोपलं तर उठवा, रात्रीसुद्धा. दुपटं सोडा, लंगोट बदला, तळपाय चोळा. एवढं करूनही डोळे उघडत नसेल आणि तोंडात दिलं तरी ओढत नसेल, तर त्याला गुणी बाळ म्हणून कौतुक करू नका. ही धोक्याची खूण आहे, लगेच दवाखान्यात न्या.

दूध काढून ठेवलं तर किती वेळ टिकतं?

साधारण २५ अंशांच्या खोलीत चार तास. मार्च ते जून आपल्याकडे असं तापमान घरात क्वचितच असतं, म्हणून तेव्हा सरळ फ्रीजमध्ये ठेवा. दाराच्या कप्प्यात नको, आतल्या बाजूला ठेवा आणि चोवीस तासांत वापरा. देताना दुधाचं भांडं गरम पाण्यात ठेवून कोमट करा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका. पाजायला वाटी-चमचा किंवा बोंडलं (चोच असलेली छोटी वाटी) वापरा, दोन्ही आधी उकळून घेतलेलं. बाळाला अर्धवट बसतं धरा आणि थेंब ओठांच्या कडेला सोडा. घशात ओतलं तर ठसका लागतो.

बाळ कमी दिवसांचं असेल आणि पेटीत ठेवलं असेल, तर रुग्णालयात मातृदुग्ध पेढी आहे का विचारा. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली पेढी सुरू झाली. तिथे इतर आयांनी दिलेलं दूध तपासून, पाश्चरीकरण करून अशा बाळांना दिलं जातं.

डॉक्टरांनी पावडरचं दूध लिहून दिलंय. कसं बनवायचं?

लिहून दिलं असेल तर अपराधी वाटून घेऊ नका, पण मापात चूक करू नका. बहुतेक डब्यांत ३० मिली पाण्याला डब्यातल्या चमच्याने एक सपाट चमचा असं माप असतं, तरी आपल्या डब्यावरचं वाचून घ्या. पाणी उकळा, अर्ध्या तासाच्या आत म्हणजे ते अजून चांगलं गरम असतानाच आधी पाणी मोजा, मग पावडर घाला. पावडर निर्जंतुक नसते, त्यातले जंतू मारायला पाणी किमान ७० अंश गरम लागतं. बनवल्यावर भांडं गार पाण्यात धरून कोमट करा, थेंब मनगटावर टाकून पाहा. उरलेलं टाकून द्या.

डबा महिनाभर पुरवायचा म्हणून पातळ केलेलं दूध हे बाळ सुकण्याचं मोठं कारण आहे. घट्ट केलं तर मूत्रपिंडांवर ताण येतो.

शीचा रंग रोज बदलतोय. पातळही होते. जुलाब आहेत का?

पहिली शी काळपट हिरवी आणि डांबरासारखी चिकट असते, ती २४ तासांत व्हायला हवी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती हिरवट होते, मग मोहरी फेटून ठेवल्यासारखी पिवळी, पातळ, दाणेदार. अंगावर पिणारं बाळ दर पाजण्यानंतर शी करतं. दिवसातून आठ-दहा वेळा झाली तरी वजन वाढतंय आणि शू होतेय तोवर हे जुलाब नाहीत. महिन्यानंतर याच्या उलट होतं: काही बाळं चार-पाच दिवस करतच नाहीत आणि मग मऊ शी करतात. तेही चालतं, त्यासाठी साबणाची वडी किंवा विड्याच्या पानाचा देठ लावू नका.

तीन रंग मात्र लक्षात ठेवा. शीत रक्त दिसलं, काही दिवसांनंतर शी पुन्हा काळी झाली, किंवा ती पांढरट-मातकट झाली, तर दाखवायचंच. पांढरट शीबद्दल पुढे काविळीत लिहिलं आहे.

पाजल्यावर दूध बाहेर काढतं. पचत नाही का?

घोटभर दूध ओठांच्या कडेने आलं तर ती गुळणी. ती बहुतेक बाळांना होते, कारण जठराच्या तोंडाचा स्नायू अजून सैल असतो. पाजल्यावर दहा-पंधरा मिनिटं खांद्यावर उभं धरा. ढेकर आली नाही तर हट्टाने थोपटत बसू नका. उलटी हिरवी असेल तर एक तासही थांबू नका, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. तिसऱ्या आठवड्यानंतर दर पाजण्यानंतर दूध जोरात फुटभर लांब उडत असेल आणि वजन थांबलं असेल, तर जठराच्या दाराशी अडथळा आहे का हे सोनोग्राफीत पाहतात.

बाळ पिवळं दिसतंय. सकाळचं कोवळं ऊन पुरेल का?

नवजात बाळाची कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते, चौथ्या-पाचव्या दिवशी जास्त होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. ती मोठ्यांच्या काविळीसारखी संसर्गाची नसते, म्हणून गळ्यात माळ घालून किंवा आईचं तेल-तूप बंद करून ती उतरत नाही. तांबड्या पेशी मोडून तयार होणारं बिलिरुबिन बाळाचं यकृत हळू हाताळतं, एवढंच. भरपूर पाजलं की ते शीवाटे बाहेर जातं.

उन्हाने कावीळ उतरते यावर विसंबू नका. कपडे काढून उन्हात ठेवलेलं बाळ गारठतं किंवा भाजतं, आणि कावीळ उतरवायला दवाखान्यात निळ्या दिव्याखाली मोजून दिला जाणारा प्रकाश उन्हातून मिळत नाही. वाईट म्हणजे यात दोन दिवस जातात.

दिवसाच्या उजेडात कपाळावर बोट दाबून सोडा, कातडी पांढरी होते की पिवळी ते पाहा. मग छाती, पोट, मांड्या, तळपाय याच क्रमाने बघत या. पिवळेपणा डोक्याकडून पायांकडे उतरत जातो. तळहात-तळपाय पिवळे झाले, किंवा पहिल्या २४ तासांतच कावीळ दिसली, तर त्याच दिवशी रक्त तपासा. बिलिरुबिन फार वाढलं तर ते मेंदूपर्यंत पोहोचतं आणि तिथलं नुकसान भरून येत नाही. आईचा रक्तगट निगेटिव्ह किंवा ‘ओ’ असेल, बाळ ३७ आठवड्यांच्या आधी झालं असेल, तर डोळ्यात तेल घालून बघा.

घरोघरी होणारी एक चूक इथेच सांगायला हवी. ट्रंकेतून काढलेली जुनी झबली, दुपटी आणि गोधड्या यांना डांबराच्या गोळ्यांचा वास असतो. काही बाळांत जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं आणि नुसत्या त्या वासानेही त्यांच्या तांबड्या पेशी भराभर फुटतात. ते कपडे धुऊन, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरा.

दोन आठवडे झाले, कावीळ आहेच, शी पांढरट आणि शू गडद पिवळी, तर पित्तनलिका बंद असू शकते. त्याची शस्त्रक्रिया पहिल्या साठ दिवसांत झाली तर उपयोग सर्वांत जास्त. अशा बाळाला ‘महिन्याने बघू’ म्हणू नये.

बेंबीला काय लावायचं?

काहीही नाही. हळद, तेल, पावडर, राख, शेण, काही नाही. लंगोट बेंबीच्या खाली दुमडा म्हणजे शू लागत नाही. नाळ वाळून पाच ते पंधरा दिवसांत आपोआप पडते. पडताना रक्ताचा एखादा थेंब लागू शकतो. भोवतीची कातडी लाल होऊन पसरत गेली, पू किंवा घाण वास आला तर दवाखाना. करगोटा बांधायचाच असेल तर बेंबी बरी झाल्यावर आणि आत दोन बोटं जातील इतका सैल.

आंघोळ आणि मालिश कधीपासून, कशी?

जन्मल्यावर किमान २४ तास आंघोळ नको. नाळ पडेपर्यंत कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या मऊ फडक्याने पुसून घेतलं तरी पुरतं. कमी वजनाच्या बाळाला आंघोळ कधी घालायची ते डॉक्टरांना विचारा.

मालिशसाठी खोबरेल चांगलं. मोहरीचं तेल बाळाच्या कोवळ्या कातडीचं नुकसान करतं. पाजून तासभर झालेला असावा, खोली गरम, पंखा बंद, हातात अंगठी-बांगडी नको. दहा-पंधरा मिनिटं हलक्या हाताने चोळलं की झालं. बाळ रडायला लागलं तर थांबा. व्यायाम व्हावा म्हणून रडवण्याची गरज नाही.

मालिशवाल्या मावशींचा हात सरावाचा असतो, आणि बाळंतिणीलाही त्यांच्यामुळे आराम मिळतो. पण काही गोष्टी त्यांना पहिल्याच दिवशी नम्रपणे, स्पष्ट सांगा. घशात बोट घालून चिकटा काढायचा नाही. नाकात-कानात तेल सोडायचं नाही, फुंकर मारायची नाही. छाती पिळायची नाही: मुलगा असो वा मुलगी, आईच्या हार्मोनमुळे छाती फुगते, कधी दुधासारखा थेंबही येतो, तो काही आठवड्यांत जातो, पिळलं तर गळू होतं. डोकं गोल किंवा नाक सरळ व्हावं म्हणून दाबायचं नाही. मुलाच्या शिश्नाची कातडी मागे ओढायची नाही. टाळूवर तेल जिरवलं म्हणून ती भरत नाही. ती दीड वर्षाच्या आसपास आपोआप बंद होते, हलकं तेल लावलं तर बिघडतही नाही.

पायावर घेऊन न्हाऊ घालताना पाणी कोपराने तपासा, ते कोमटच लागलं पाहिजे. तोंडावर धार सोडू नका. डाळीच्या पिठाने घासलं तर बारीक पुरळ उठतं. आठवड्यातून दोन-तीनदा सौम्य साबण पुरे. पाच मिनिटांत आटपा आणि टॉवेलने आधी डोकं कोरडं करा, कारण बाळाचं अंग डोक्यावाटे जास्त गारठतं.

शेक आणि धुरी?

आईच्या कमरेला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक जरूर द्या, सिझेरियनच्या टाक्यांवर नको. खाटेखाली शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावणं मात्र जिवावर बेतू शकतं. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. ओवा, शेपा, वेखंडाची धुरीही बाळाच्या फुप्फुसांना धूरच आहे. घरात बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांनाही हाच नियम, आणि बाहेर ओढून आल्यावर शर्ट बदलून मगच बाळाला घ्या.

बाळगुटी, मध, ग्राइप वॉटर, काजळ?

आजीने प्रेमाने उगाळलेल्या गुटीला नाही म्हणणं अवघड जातं. अडचण मात्र सहाणेत आहे. ती पाण्याने नुसती विसळली जाते, तिच्या रेघांत जंतू राहतात, आणि जायफळ किंवा वेखंडाचा वेढा एखादा जास्त पडला तर बाळ गुंगतं. पहिले सहा महिने गुटी नको. मध एक वर्षापर्यंत अजिबात नको, चाटणालाही नाही. त्यातल्या काही जंतूंचे बीजाणू तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात.

ग्राइप वॉटरची गरज नाही. काजळात शिसं असू शकतं आणि बोटाने डोळ्यांत जंतू जातात. दृष्टीची तीट लावायचीच तर तळपायाला लावा.

रोज द्यायचं औषध एकच: ड जीवनसत्त्वाचे ४०० युनिट. इथे लोक हमखास फसतात. काही बाटल्यांत एका मिलीत ४०० युनिट असतात, काहींत ८००. दुकानदाराने दुसरी कंपनी दिली की ‘एक मिली’ तसंच चालू राहतं आणि डोस दुप्पट होतो. दर नव्या बाटलीवरचा आकडा वाचा.

कुठे आणि कसं झोपवायचं?

पाठीवर, टणक गादीवर, तुमच्या शेजारी पण स्वतःच्या जागेवर. उशी नको. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी लागत नाही. त्यासाठी जागेपणी, तुमच्या डोळ्यांसमोर बाळाला थोडा वेळ पोटावर ठेवा आणि झोपवताना मान आलटून-पालटून वळवा. बाळ झोळीत झोपलं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते, म्हणून कमी वजनाच्या बाळाला झोळी नको, आणि इतरांना कोणी समोर बसलं असेल तेव्हाच. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन झोपी जाणं सर्वांत धोक्याचं.

दुपट्यात गुंडाळताना छातीपर्यंत जरा घट्ट, पण पाय बेडकासारखे वाकवता येतील इतके मोकळे ठेवा. पाय सरळ करून आवळून बांधले तर खुबे निखळू शकतात. आपण जेवढे कपडे घातलेत त्याहून एक थर जास्त. कोकणात, मुंबईत मे महिन्यात एक झबलं पुरतं. पंखा चालतो, एसी २५-२६ अंशांवर चालतो, झोत अंगावर नको. हात-पाय गार लागले तरी पोट उबदार असेल तर बाळ ठीक आहे.

संध्याकाळ झाली की रडणं थांबत नाही.

हे दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतं, सहाव्या आठवड्यात कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत निवळतं. पाजा, लंगोट बघा, कपडे कमी-जास्त करा, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारा. मग बाळाला पूर्ण उघडं करून हातापायाची बोटं एकेक करून तपासा. बाळंतपणानंतर आईचे केस खूप गळतात, आणि मोज्यातला एखादा केस किंवा दोरा बोटाला गुंडाळून करकचतो. बोट लाल-निळं होतं, आणि कपड्यावरून ते कधीच कळत नाही.

तुमचा संयम संपत आला तर बाळाला पाठीवर पाळण्यात ठेवा, खोलीबाहेर या, पाच मिनिटं थांबा. रडून बाळाला काही होत नाही. गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होतो.

हे सगळं नॉर्मल आहे का?

उचकी, शिंका, दचकणं, झोपेत हसणं, आंघोळीनंतर सालं निघणं, नाकावर पांढरे दाणे, दुसऱ्या दिवशी अंगावर उठणारे लाल चट्टे, कमरेवर निळसर डाग: होय. मुलीला पहिल्या आठवड्यात अंगावरून थोडं रक्त जाणं: होय. झोपेत पाच-दहा सेकंद श्वास थांबून पुन्हा भराभर सुरू होणं: होय, पण वीस सेकंद थांबणं किंवा ओठ निळे पडणं: मुळीच नाही.

कधी क्षणभरही थांबू नये?

बाळ पीत नाही किंवा उठत नाही. काखेतलं तापमान ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त. पहिल्या तीन महिन्यांत हा ताप घरी पॅरासिटामॉल देऊन बघायचा नसतो. तापमान ३७.५च्या वर असेल तर जादा कपडे काढून अर्ध्या तासाने पुन्हा बघा, उतरलं नाही तर दाखवा. ३६.५च्या खाली असेल तर लगेच आईच्या उघड्या छातीशी घेऊन वरून पांघरा, आणि तासाभरात ऊब आली नाही तर निघा. जंतुसंसर्गात तान्ही बाळं तापण्याऐवजी गारही पडतात.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, बाळ शांत असताना. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा, पुन्हा तेच आलं, किंवा श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, कण्हत असेल, तर निघा. झटके, फुगलेली टाळू, हिरवी उलटी, चोवीस तासांत शू नाही, हीसुद्धा त्याच यादीतली. रुग्णवाहिकेला १०८ किंवा १०२. सरकारी रुग्णालयात आजारी तान्ह्याचे उपचार, औषधं आणि नेण्या-आणण्याची सोय जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. जाताना वाटेत बाळ आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवा.

बाळंतिणीने काय खावं, काय जपावं?

अळिवाची खीर, डिंकाचे-मेथीचे लाडू, बाजरी, शेपू, सगळं चांगलं. पण पहिले दहा दिवस नुसता वरण-भात किंवा तूप-भात देणं आणि पाणी तोडणं चुकीचं आहे. पालेभाजी, डाळ, अंडी, फळं सगळं चालतं. पाजायला बसताना हाताशी पाण्याचा तांब्या ठेवा. लोहाची गोळी रोज १८० दिवस आणि कॅल्शियमही चालू ठेवा. दोन्ही एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

अंगावरून जाणं चार ते सहा आठवडे चालतं आणि हळूहळू फिकट होतं. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, ताप किंवा घाण वास असेल, एका पोटरीला सूज येऊन दुखत असेल, किंवा डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर बाळासारखीच आईलाही तातडीने न्या. घरात सगळे बाळाकडे बघत असतात आणि नेमकं हे निसटतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं, चिडचिड होणं सामान्य आहे, ते दोन आठवड्यांत मावळतं. त्यापुढेही उदासी राहिली, बाळ झोपलं असतानाही झोप येत नसेल, बाळाविषयी काहीच वाटत नसेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. दोन आठवडे व्हायच्या आधी मदत मागितली तरी चालेल, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, भास, विचित्र संशय असतील तर तिला एकटीला ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

पाहुणे आणि आशाताई?

पाचवी, बारसं, सगळं करा, बाळ मात्र हातोहाती फिरवू नका. घेणाऱ्याने साबणाने हात धुवावेत, पापे घेऊ नयेत, सर्दी-खोकला असेल त्याने दारातूनच बघावं.

आशाताईंना मात्र आवर्जून आत बोलवा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. वजन, तापमान, श्वास बघतात. ही पद्धत गडचिरोलीत उभी राहिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि पुढे ती देशभर गेली. वजन अडीच किलोच्या खाली असेल तर त्यांच्याकडून कांगारू पद्धत शिकून घ्या: बाळाच्या अंगावर टोपरं, लंगोट, मोजे एवढंच, आईच्या किंवा बाबांच्या उघड्या छातीवर उभं, मान एका बाजूला, वरून सैल बांधलेलं फडकं. एका बैठकीला किमान तासभर.

लसी कोणत्या?

जन्मतः बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बीची सुई. शेवटची २४ तासांत व्हायला हवी, म्हणून सुट्टीच्या कागदावर तिची नोंद आहे का बघा. बीसीजीच्या जागी दोन-तीन आठवड्यांनी फोड येतो, पिकतो, व्रण राहतो. त्यावर काही लावू नका, फोडू नका. सहाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब आणि सुई, रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकल. सर्दी झाली म्हणून ही तारीख चुकवू नये. जन्मानंतर ऐकण्याची चाचणी झाली नसेल तर महिन्याच्या आत करून घ्या.

नाव ठरलं नाही, जन्मनोंदणी थांबवायची का?

थांबवू नका. नोंदणी २१ दिवसांत व्हायला हवी, आणि ती नावाशिवाय होते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ते स्वतः कळवतात, तुम्ही फक्त कागदावरची आई-वडिलांची नावं आधार कार्डाशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या, कारण नंतरची दुरुस्ती वेळखाऊ असते. बारशाला ठरलेलं नाव वर्षभरात विनाशुल्क आणि पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे, तेव्हा मूळ प्रतीला लॅमिनेशन न करता ती फाइलमध्ये ठेवा आणि दोन-तीन जादा प्रती त्याच वेळी काढून घ्या.